तुलनेचं रक्त

एकोणीसशे ब्याऐंशीचा हिवाळा होता. नाचणगावचा प्रेमदास वर्ध्याजवळच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचा. त्या दिवशी देवळीकडची जयवंता नावाची एक मुलगी आली. तिचे सांधे वारंवार दुखत. डॉक्टर मॅडमनी सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी लिहून दिली.

प्रेमदासनं काचपट्टीवर तिच्या रक्ताचा थेंब घेतला, त्यात औषधाचा थेंब मिसळला, वर पातळ काच ठेवली आणि हवा शिरू नये म्हणून कडांना व्हॅसलीन लावलं. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त हवं, म्हणून स्वतःचं बोट टोचून दुसरी पट्टी केली.

अर्ध्या तासानं सूक्ष्मदर्शकात जयवंताच्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या दिसू लागल्या. प्रेमदासच्या स्वतःच्या गोलच होत्या. निकाल लिहून झाला. संध्याकाळी पट्ट्या धुण्याआधी त्यानं सहज आपली पट्टी पुन्हा लावली, तर तिथंही विळे!

पट्ट्या बदलल्या असतील, असं त्याला वाटलं. नावं पाहिली, ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी ताजं औषध बनवून त्यानं पुन्हा बोट टोचलं, शेजारच्या टेबलावरच्या बंडूजींचंही रक्त घेतलं. बंडूजींच्या पेशी दिवसभर गोल राहिल्या. प्रेमदासच्या दुपारनंतर वाकल्या.

"तुम्हाला आजार नाही, प्रेमदास," मॅडम म्हणाल्या. "आई किंवा वडील, एकाकडून आलेला त्याचा अंश आहे फक्त, म्हणून पेशी उशिरा वाकतात."

"कोणाकडून?"

"आईंचं रक्त पाहिलं तर कळेल."

वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. चेहरासुद्धा आठवत नव्हता. त्याला राहवेना. गुरुवारी तो आईला, तानाबाईला, गावाहून घेऊनच आला.

"मले त काई झालं नाई. मंग काऊन टोचून राह्यला?"

"माह्यात हे कुठून आलं ते पाह्याचं हाय, आई."

रात्री ती त्याच्या खोलीवर राहिली. सकाळीही तिच्या पेशी गोलच होत्या. मग त्यानं तिला स्टुलावर बसवून स्वतःची पट्टी दाखवली. आधी तिला आपल्याच पापण्या दिसत होत्या. मग ती एकदम स्थिर झाली.

"हे इळ्यावानी काय हाय?"

"माह्यं रक्त. हे मले बाबाकडून आलं."

तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवला नाही. "दुखते काय तुले?"

"नाई."

"त्याले दुखे," ती म्हणाली. "थंडी पडली का पाय पोटाशी घेऊन टोंगळे धरून बसे. कापसाच्या जिनात कामाले जाये नाई. लोक कामचोर म्हणत. मी बी म्हटलं होतं एकडाव."

प्रेमदासनं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कदाचित वडिलांना आजारच असेल. पण त्यांचं रक्त पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. तानाबाईनं ते ऐकलं आणि पदरानं तोंड पुसलं.

बसस्टँडवर त्यानं विचारलं, "बाबा उंच होते काय?"

"तुह्याएवढेच. बोलणं मात्र लय हळू. जवळ जाऊन आयकाव लागे."

गावाकडं जाणारी पुलगावची बस लागली. प्रेमदासनं आईची पिशवी उचलली.

"हे बस जाऊ दे," तानाबाई म्हणाली, आणि बाकावर सरकून तिनं त्याला जागा केली.