रबर लावलेल्या बॅटऱ्या

धाकटी गाडी घेऊन पाण्याला निघाली तेव्हा तिच्या मनात दाजींविषयी एकही चांगला विचार नव्हता, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी तिला अगदी मोकळं वाटत होतं. शेजारच्या सीटवर चार्जर होता. त्याची वायर गाडीच्या सिगारेट लायटरच्या भोकात खुपसलेली होती आणि त्याचे नारिंगी दिवे लुकलुकत होते. चार्जरमध्ये बसवलेल्या बॅटऱ्या तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्याच्या होत्या. दाजींच्या बॅटऱ्या मागे पाण्याच्या कॅनशेजारी डब्यात पडून होत्या, रिकाम्या, आणि आज त्या रिकाम्याच राहणार होत्या.

त्या ओसाड माळावर विजेचा खांब औषधालासुद्धा नव्हता. वीज हवी तर ती गाडीतूनच, आणि तीही इंजिन चालू असताना. बंद गाडीत चार्जर लावून ठेवला की गाडीचीच बॅटरी बसते. हा धडा दाजी स्वतःच्या कर्तबगारीवर शिकले होते. एकदा किल्ली अर्धी फिरवून, चार्जर लावून, ते सीटवर मस्त झोपले आणि उठून बघतात तर गाडी ढिम्म. वाट चुकून आलेल्या एका ट्रकवाल्याचे पाय धरावे लागले. तेव्हापासून त्यांनी चार्जिंगचं खातं धाकटीला बहाल केलं होतं. चारचौघांत सांगायचेसुद्धा, की बॅटऱ्या सांभाळाव्यात तर माझ्या मेव्हणीने. फोटो काढावेत तर तिने, असं मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

या मुक्कामात तर इंजिन चालू करायलाही बंदी होती. पलीकडच्या घळीत लांडगिणीची गुहा होती आणि तिला पिल्लं झाली होती. गाडीचा आवाज कानावर गेला असता तर ती पिल्लं घेऊन पसार झाली असती. म्हणून तंबू टेकडीच्या अलीकडे ठोकलेला आणि गाडी त्याहून मागे. रोज धाकटी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतारावरून घरंगळत खाली न्यायची, तिथे किल्ली फिरवायची, झऱ्यावर जाऊन पाणी भरायची आणि वारा घळीकडून इकडे वाहत असेल तेव्हाच परत वर यायची. या जाण्या-येण्यात जेवढ्या बॅटऱ्या भरतील तेवढ्याच खऱ्या. भरलेल्या बॅटरीला लाल रबर लावायचं, हा दाजींचा नियम. रबर असलं की भरलेली, नसलं की रिकामी. रबर असलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालून तपासत बसायचं नाही, त्यात उगाच चार्ज जातो. हा नियम त्यांना इतका लाडका होता की शिकायला येणाऱ्यांना ते कॅमेरा हातात देण्याआधी रबर हातात द्यायचे.

झऱ्यापाशी धाकटी उतरली, कॅन भरले, आणि मग डबा उघडून दाजींच्या एकेका रिकाम्या बॅटरीला लाल रबर लावलं. नीट, मधोमध, त्यांना आवडतं तसं.

आता हा डूख कशासाठी, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दौऱ्यात धाकटीने एक फोटो काढला होता. गोठलेल्या ओढ्यावरून एक कोल्हीण तोंडात पिल्लू धरून चालली आहे, खाली बर्फात तिचं प्रतिबिंब आहे, आणि पिल्लाचे डोळे थेट कॅमेऱ्याकडे. ती बर्फावर पालथी पडून थंडीने काकडत होती तेव्हा दाजी गाडीत हीटर लावून घोरत होते. कॅमेरा त्यांचा होता, धाकटीकडे तेव्हा स्वतःचा नव्हता. कार्डांतले फोटो सगळे एकत्र संगणकात उतरवले जायचे, दाजींच्या नावाने. पुढे तो फोटो दाजींच्याच नावाने मोठ्या प्रदर्शनात लागला, कॅलेंडरवर आला, त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस घ्यायला दाजी स्टेजवर चढले आणि आपण बर्फावर तासन्तास पोटावर कसे पडून होतो, बोटं कशी बधिर झाली होती, याचं असं रसभरीत वर्णन केलं की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. धाकटी तिसऱ्या रांगेत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर ती ताईकडे, म्हणजे मोठ्या बहिणीकडे, गेली. ताई भांडी विसळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मागे वळली नाही, आणि म्हणाली, "कॅमेरा त्यांचा, गाडी त्यांची, डिझेल त्यांचं. तू फक्त बटण दाबलंस."

सख्ख्या बहिणीने असं केसाने गळा कापल्यावर बोलायचं कुणाशी? धाकटीने मूग गिळले. पण गिळलेलं पचलं नाही. तिने शिकवण्या घेतल्या, लग्नांचे फोटो काढले, आणि दाजींच्या कॅमेऱ्याच्याच बनावटीचा, त्याच बॅटऱ्या चालणारा एक जुना कॅमेरा मिळवला. नंतर दाजींनी लांडगिणीच्या दौऱ्याला येतेस का विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. ताईला वाटलं, राग गेला. दाजींना तर तिला राग आला होता हेच माहीत नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच.

त्यांचं कार्ड पुसून टाकावं, असं तिच्या मनात आधी आलं होतं. पण कार्ड पुसलं की माणूस नुसता हळहळतो आणि पुन्हा फोटो काढतो. पुन्हा न मिळणारं असं काहीतरी दाजींच्या नजरेसमोर घडायला हवं होतं, आणि त्यांच्या हातात कॅमेरा असून त्यांना हात चोळत बसायला लागायला हवं होतं. शिवाय हे कुणी केलं ते त्यांना कळायला हवं होतं. न कळणारा सूड घेण्यापेक्षा घरी बसून दात-ओठ खाल्लेले काय वाईट? तेव्हा काय म्हणायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. म्हणायचं, आता दाबा की बटण, दाजी. झऱ्यावरून परत येताना तिने हे वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. हळू म्हटलेलं जास्त लागेल, असं तिचं मत पडलं. चार्जरचे दिवे हिरवे झाले तरी ती थोडं लांबच्या वाटेने आली, कारण तिला गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

दिवसही नेमका तोच होता. लांडगीण दोन दिवस अस्वस्थ होती, सारखी गुहेत जा-ये करत होती. दाजींनी सकाळीच सांगितलं होतं की ती आज पिल्लं हलवणार, एकेकाला तोंडात धरून दुसरीकडे नेणार. असं दृश्य त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि एकदा पिल्लं हलवली की ती या घळीत परत फिरकणार नाही. जे मिळेल ते आजच.

दुपार कलल्यावर दोघं आपापल्या जागी जाऊन बसले. गुहेच्या बरोबर समोर दगडांचा आडोसा होता, तो अर्थातच दाजींचा. धाकटीला घळीच्या बाजूला, वळणावर, एका झुडपामागे जागा मिळाली होती. तुला शेपूट तरी नक्की मिळेल, असं दाजी हसून म्हणाले होते. गुहेचं तोंड तिला तिरकं दिसायचं. लेन्स जरा डावीकडे वळवली की दाजी दिसायचे, थेट कपाळावरच्या आठ्यांसकट. दोन्ही एका चौकटीत मात्र मावत नव्हते.

लांडगीण बाहेर आली. नाक वर करून वास घेतला, जांभई दिली आणि गुहेसमोर आडवी झाली. दाजींनी कॅमेरा उचलला. त्यांच्या कॅमेऱ्यात कालची अर्धी बॅटरी होती. धाकटीला ठाऊक होतं की दाजी एकदा सुरू झाले की आवरत नाहीत. ते लांडगिणीची जांभई काढत राहिले, कान काढत राहिले, तिने खाजवलं तेही काढलं, आणि बॅटरी संपली.

धाकटीने लेन्स डावीकडे वळवली.

दाजींनी न बघता खिशात हात घातला, अंगठ्याने रबर उडवलं, बॅटरी बसवली. कॅमेरा सुरू होईना. त्यांनी ती काढून पुन्हा घातली. मग दुसरी घेतली. रबर उडालं, बॅटरी बसली, कॅमेरा मख्ख. धाकटीने बटण दाबलं. तिचा कॅमेरा आवाज न करता फोटो काढत होता. दाजींनी तिसरी काढली, तोंडाजवळ धरून तिच्यावर फुंकर घातली, काखेत धरून ऊब दिली. गारठ्याने बॅटऱ्या गळपटतात, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. काखेतली बॅटरी घातली तरी काही होईना. दाजींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. धाकटी एकामागून एक फोटो काढत होती. तिला इतका आनंद झाला होता की एकही क्षण निसटू नये म्हणून तिने कोपरं जमिनीत रोवली.

मग दाजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तळहात पुढे केला, पसरलेला, रिकामा. ते बॅटरी मागत होते. तिच्याकडे भरलेल्या होत्या. लेन्समधून तो तळहात इतका जवळ दिसत होता की त्यावरच्या रेघा मोजाव्यात. हाच तो हात, स्टेजवर बक्षीस घेणारा. तिने तो नीट फोकसमध्ये आणला आणि टिपला. दाजी हात हलवत राहिले, तोंडाने काहीतरी पुटपुटले. ती हलली नाही.

आणि मग दाजी थांबले. हात तसाच हवेत राहिला आणि हळूच खाली आला. त्यांनी कॅमेरा दगडावर ठेवून दिला. ते समोर बघत होते. तोंड किंचित उघडं होतं, आणि जत्रेत हरवलेलं पोर आई सापडल्यावर बघतं तसे ते बघत होते. धाकटीने तेही काढलं. हे काय चाललंय याचं तिला नवल वाटत होतं. रडकुंडीला यायच्या वेळी हा माणूस हसतो काय? तिने आणखी एक काढला, आणखी एक. दाजींच्या गालावरून पाणी ओघळलं, तेही काढलं.

रानात फोटो काढताना दुसरा डोळा मिटायचा नसतो. एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा रानावर. एवढी साधी सवय, झोपेतसुद्धा सुटू नये अशी. धाकटीने त्या दिवशी तो डोळा घट्ट मिटून घेतला होता, कारण तिला दाजींशिवाय काहीच बघायचं नव्हतं.

तिने लेन्स गुहेकडे वळवली तेव्हा समोर धूळ खाली बसत होती. वरच्या कड्यावर एक झुडूप हललं आणि थांबलं. गुहेच्या तोंडाशी कोणी नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, तरी कोणी आलं नाही.

दाजी दगडांवरून धडपडत तिच्याकडे आले. वय विसरून आले. बॅटऱ्यांचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. "घेतलंस ना?" ते म्हणाले. "तुझा कॅमेरा चालू होता, मी बघितला. सगळं घेतलंस ना?"

ठरवलेलं वाक्य तिच्या ओठांवर होतं. ते हळू म्हणायचं होतं. पण दाजींनी हात पुढे केला होता, आणि तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबून फोटो पुढे सरकवायला सुरुवात केली. पहिल्या फोटोत ते स्वतः होते, पुढच्यातही तेच. कोपऱ्यात उडालेलं रबर, काखेतली बॅटरी, पसरलेला तळहात, नंतरचा तो चेहरा. ते पुढे पुढे जात राहिले. लांडगीण शोधत होते बिचारे. मग त्यांची बोटं थांबली आणि त्यांनी धाकटीच्या कमरेच्या पिशवीकडे पाहिलं, जिथे लाल रबर लावलेल्या, भरलेल्या बॅटऱ्या होत्या.

धाकटीला वाटलं, आता ओरडतील. तिने त्यासाठी अंग चोरून तयारीही केली. पण दाजींनी कॅमेऱ्याचा पट्टा नीट गुंडाळला, परक्याची वस्तू परत करावी तसा कॅमेरा तिच्यापुढे धरला, आणि तंबू आवरायला निघून गेले.

सकाळी त्यांनी मुक्काम हलवला. गाडी धाकटीच चालवत होती. आता इंजिनाच्या आवाजाचं भय नव्हतं, ऐकणारं घळीत कोणी उरलं नव्हतं. तिचा सूड पुरा झाला होता. दाजींना फोटो मिळाला नव्हता, त्यांना कळलंही होतं, आणि त्यांच्या फजितीचा एकेक क्षण तिच्या कार्डात होता. तरी काल संध्याकाळपासून एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. त्या घळीत दोन माणसं होती, आणि जे घडलं ते फक्त एकाने पाहिलं होतं.

माळ संपून डांबरी रस्ता लागेपर्यंत तिने दम धरला. दाजींकडे काही मागायचं नाही, विचारायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. शेवटी राहवलं नाही.

"दाजी, पिल्लं किती होती?"

तिने गाडी जरा हळू केली.

"तिने कशी उचलली? मानेला धरून?"

"ते मी तुला सांगणार नाही," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्या कोल्हिणीचा फोटो तुझा होता. हे मात्र माझं आहे."

तो फोटो तिचा होता, दोन वर्षं हेच त्यांच्या तोंडून ऐकायला ती तडफडली होती. आता ते तिला ऐकायला मिळालं होतं, आणि गाडीत तिच्याशिवाय ते ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.