तपासणीनंतरची दुपार

विडीचा लाल दोरा बोटाखाली सैल झाला होता. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून आदिनाथ तो नखानं सोडवत होता, पुन्हा गुंडाळत होता. काडी मात्र ओढली नव्हती. समोरून क्लासची पोरं सायकली दामटत चालली होती. यातलीच कितीतरी दुपारी त्याच्या मेसमध्ये जेवायला येणार... डॉक्टर साधंच बोलले होते. शुक्रजंतू कमी आहेत, जे आहेत ते मंद. विड्या बंद करा, भट्टीपुढं तासन्‌तास उभं राहू नका, झोप घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, फरक पडू शकतो.

"पण मला लेकरू झालं होतं, साहेब."

"तेव्हा विड्या ओढत होता?"

नव्हता ओढत. भूकंपाआधी कधीच नाही. लेकीचं, पुनमचं, आणि तिच्या आईचं, शिवकन्येचं, प्रेत दगडमातीखालून काढलं त्या दिवशी पावसात बसलेल्या त्याच्या हातात कुणीतरी पेटलेली विडी दिली, आणि धूर आत गेल्यावर छातीत काहीतरी बधिर झालं — ते बधिरपण त्यानं पुढे कधी उतरूच दिलं नाही. गाव सुटलं, लातूरला मेस काढली, सिंधुशी लग्न झालं, आणि तो ओढतच राहिला, कारण थांबला असता तर पुनमचं तोंड दिसलं असतं.

दोरा तुटला. तंबाखू पायरीवर सांडली. खिशातलं बंडल त्यानं गटारात टाकलं आणि तो चालू लागला.

मेसमध्ये सिंधु पोळ्या लाटत होती. आई, सरजाबाई, भिंतीला टेकून तूर निवडत होती.

"पुनवंला माहूरला जाऊ," आई म्हणाली. "सिंधुला घिऊन. देवीची वटी भरू. हिच्यातच कायतरी कमी हाय."

आई हे रागानं म्हणत नसे. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणे. आणि दर वेळी सिंधुचं लाटणं क्षणभर थांबे. आत्ताही थांबलं.

"दर्शनाला जा, आई. पण तिच्यात काई कमी न्हाई. डॉक्टरनं मला तपासलं. कमी माझ्यात हाय."

"काय बोलायलास? तुला तर पुनम झाली व्हती."

किती वर्षांनी या घरात ते नाव उच्चारलं गेलं.

"तवा विडी नव्हती. आता आजपसून बंद. भट्टीवर गडी लावू."

आईचे हात सुपात तसेच राहिले. सिंधुनं मान वर केली नाही.

"मंग इतकी वर्सं मी उपास केले ते..." सिंधु म्हणाली, आणि थांबली.

"सोड ते. आज जेव," तो म्हणाला.

तव्यावरची पोळी करपेपर्यंत तिनं उलटली नाही.

पोरं आली, ताटं वाजू लागली. आदिनाथचा हात खिशाकडे गेला; बंडल नव्हतं. धूर मागणारी ती जागा छातीत रिकामी उघडी पडली आणि तिथून, इतकी वर्षं दाबलेली, पुनम वर आली. तोंड नाही, आधी हात. झोपेत ती त्याच्या कानाची पाळी धरून ठेवायची. आताही धरली होती, गरम, घट्ट — आणि तीन महिन्यांनी काय होईल ते ठाऊक नसलेला आदिनाथ पंगतीत वरण वाढताना मान किंचित कलती ठेवून चालत होता, तिची पकड सुटू नये म्हणून.