कणकेची गाडी

संगीतानं उकळतं मिठाचं पाणी परातीतल्या पिठात ओतलं आणि हात भाजत असतानाच मळायला सुरुवात केली. थोडं तेल, तुरटीची पूड, पुन्हा मळणं. ज्वारीच्या पिठाचा बैल वाळला की तडकतो, म्हणून ती पदरचा मैदा आणायची. एका गोळ्यात हळद, एकात बिटाचा रस, एकात तव्यामागची काजळी. एक गोळा तिनं पांढराच ठेवला आणि ओल्या फडक्यात वेगळा गुंडाळला.

अंगणवाडीच्या सेविका चंद्रभागाबाई तिचं कौतुक करून थकत नसत. मदतनीस म्हणून लागल्यापासून संगीतानं पोरांसाठी काय काय बनवलं होतं. पळसाच्या फुलांचा रंग, पिठाची खळ, तुरीच्या काडीला शेळीचे केस बांधून केलेले कुंचले. मागल्या उन्हाळ्यात नवरा गेलेली बाई लेकरांत जीव रमवते, असं चंद्रभागाबाईंना वाटायचं, आणि संगीता त्यांना तसं वाटू द्यायची. जीव रमवायला तिला सवड नव्हती. कणीक ती सगळ्या पोरांना वाटत असली, तरी मळत होती एकाच पोरीसाठी.

त्या उन्हाळ्यात तिचा नवरा भागवत मेंढरं घेऊन सिरसाळ्याच्या रस्त्यानं येत होता. मागून गावचे पुढारी राधाकिशनराव यांची पांढरी गाडी आली, आणि काही मेंढरांसकट भागवत जागच्या जागी गेला. गाडी ड्रायव्हर बजरंग चालवत होता, असं बजरंगनंच सांगितलं आणि सगळे तेच धरून चालले. तो जामिनावर सुटला आणि पुन्हा त्याच गाडीवर बसला. पण राधाकिशनराव आपल्या गाडीची चावी कधी कुणाला देत नसत, बजरंग नुसता शेजारी बसायचा पगार घेतो, अशी थट्टा गावात चालायची. त्या दिवसापासून मात्र त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गावाला हे दिसत होतं. दिसणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. वर संगीताला मदतनिशीची नोकरीही राधाकिशनरावांनीच लावून दिली होती. सारा गाव त्यांना आबा म्हणायचा. सासू सारजाबाई म्हणाली, घे, पोटाला लागतं. संगीतानं घेतली. माणसाच्या जिवाच्या बदल्यात खिचडीचं पातेलं, असा तो सौदा होता, आणि ते पातेलं घासताना रोज तिच्या दातांवर दात बसायचे.

अपघाताच्या दिवशी गाडीत आबांची नात आरोहीही होती. तिला कुणी काही विचारलं नाही. लेकराला काय विचारायचं? पुढं झेडपीची निवडणूक तोंडावर आली, तशी आबांनी नातीला परळीच्या इंग्रजी शाळेतून काढून गावच्या अंगणवाडीत आणून बसवलं, लोकांनी बघावं म्हणून. निवडणुकीनं आजवर गावाला काही दिलं नव्हतं, पण संगीताला तिनं साक्षीदार आणून दिली.

लेकराला तोंडानं विचारलं तर ते घरी जाऊन सांगतं. त्याच्या हातांना विचारलं तर ते करून दाखवतात. म्हणून संगीता रोज त्या पोरीचे हात हातात घेऊन तिला कणीक वळायला शिकवत राहिली. आज बालमेळावा होता. अंगणात मंडप, माईक, आणि प्रमुख पाहुणे आबा. पोरं ओळीनं बसली तेव्हा तिनं सांगितलं, ज्याच्या घरी जी गाडी असंल ती करा, आत बसलेल्या माणसांसकट. कुणी बैलगाडी करायला घेतली, कुणी फटफटी. पांढरा गोळा तिनं आरोहीच्या पाटीवर ठेवला.

हळूहळू गाडी उभी राहिली. काजळीची चाकं, वर टप नाही. मागच्या सीटवर एक बाहुला आडवा. पुढं मिशीवाला जाड बाहुला, हात गोल चकतीवर. संगीतानं त्या बाहुल्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कोण?"

"आबा."

"आन् मागं?"

"बजरंगकाका. झोपलाय."

मिशीवाल्या बाहुल्याच्या मांडीवर मण्याएवढी आणखी एक गोळी चिकटवलेली होती. ही काय म्हणून संगीतानं विचारलं.

"मी. मीच चालवत होते. आबा खाली पाय दाबतेत आन् मी असं वळवायचं." आरोहीनं हवेत हात फिरवून दाखवले. "मी वळवलं आन् धाडकन वाजलं. आबा म्हणले, कुत्रं आलं होतं. म्हणले, कुणाला सांगायचं न्हाई."

संगीताच्या जिभेवर शब्द आले. कुत्रं नव्हतं, भागवत होता. एवढंच म्हणायचं होतं. त्या गोबऱ्या तोंडाकडं पाहताना तिला पोरीचाही राग आला, इतका की तिची तिलाच भीती वाटली. हेच हात तिनं रोज हातात धरले होते. पण गाडी अशीच मंडपात ठेवली, तर गाव जन्मभर बोट दाखवणार ते ह्या पोरीकडं. म्हातारा पुन्हा मागच्या सीटवर आरामात बसणार. ते तिला मंजूर नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. तिनं नखानं मांडीवरची गोळी उचलली आणि मागच्या सीटवर, झोपलेल्या बाहुल्याशेजारी दाबून बसवली.

"पण मी पुढं होते."

"गाडी मोठ्या माणसानं चालवायची असती. लेकरानं मागं बसायचं," संगीता म्हणाली.

आबा पोरांच्या वस्तू बघत बघत आले. गळ्यात हार, मागं फोटो काढणारे. फटफटीला हसले, बैलगाडीला वा म्हणाले. पांढऱ्या गाडीपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. बाहुल्याच्या मांडीवर, गोळी काढली तिथं, खळगा पडला होता. त्यांचं बोट त्या खळग्यापाशी जाऊन थांबलं.

"काय पायजे तुला?" ते खालच्या आवाजात म्हणाले. नोकरी देतानाही त्यांनी असंच विचारलं होतं.

"पोरीला मागं मी बसवलंय, आबा. आता माईक तुमच्या हातात येईल. गाडी कोण चालवत व्हतं, ते तुमी सांगा. न्हाईतर ह्याच माणसांपुढं मी तिला इचारते."

"लेकरू हाय ते, संगीता."

"म्हणून तर तुमाला सांगते."

चंद्रभागाबाईंनी हसतमुखानं आबांचं नाव पुकारलं. आबा माईकपाशी गेले. त्यांनी एकदा नातीकडं पाहिलं, एकदा फाटकाशी उभ्या बजरंगकडं. मग गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

संगीतानं आरोहीचं मनगट धरलं. हात काळे झालेत, धुऊन येऊ, म्हणत तिला उठवलं.

हापसा अंगणवाडीच्या मागं होता. दांडा मारला की इतका करकरायचा, की पलीकडचं काही ऐकू येत नसे. जे शब्द ऐकण्यासाठी तिनं इतके दिवस काढले, ते आता तिला दुसऱ्यांच्या तोंडूनच कळणार होते. त्याची तिला चीड आली. तरी ती दांडा मारत राहिली. पोरगी बोटांच्या बेचक्यातली काजळी चोळत होती.

"मावशी, झालं की."

संगीतानं हापसा थांबवला. मंडपातून माईकचा आवाज येत नव्हता, टाळ्याही नव्हत्या. मग एकदम बरीच माणसं एकाच वेळी बोलू लागली.

"अजून एकदा धू," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा दांडा धरला.