एकाच पानातली जोडी

जंगलातून परतल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन महिने ती त्या ओल्या, दाट रानात कोळ्यांची मोजदाद करत फिरली होती; जळवांनी पायांची चाळण केली होती. शेवटच्या आठवड्यात एका गुंडाळलेल्या पानात तिला जोडी सापडली. मादी हिरवी, टपोरी; नर तांबूस, तिच्या निम्मासुद्धा नाही. पुढे तशाच आणखी चार जोड्या मिळाल्या.

नराची जात शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेली होती. मादी मात्र तीस वर्षांपूर्वी तिच्या सरांनी वेगळी जात म्हणून जाहीर केली होती आणि तिला बायकोचं नाव दिलं होतं. दोघं एकाच जातीचे निघाले, की जुनं नाव राहतं, नवं जातं.

ही एवढी ओळ लिहायला तिचा हात धजेना. चार दिवस ती प्रयोगशाळेत येरझारा घालत राहिली. शेवटी नमुन्यांच्या बाटल्या पिशवीत भरून तिने सरांचं घर गाठलं.

सरांनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. बराच वेळ मान वर केली नाही.

"एकाच पानात होते?"

"पाचही वेळा, सर."

"शेजारी राहिले म्हणून कुणी नवरा-बायको होत नाहीत."

"त्यांचं मीलन मी स्वतः पाहिलंय."

सरांनी चष्मा पुसला. पुसलेलाच परत पुसला. "मला तेव्हा एकच मादी मिळाली होती. नर शोधायला पुन्हा जायला हवं होतं. पण हिचा चाळिसावा वाढदिवस तोंडावर आला होता, घाई केली." मग आवाज उतरला. "लिही तू. पण हिला मी नाही सांगणार."

काकू स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. तिने अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं नाव गेलं?"

"हो, काकू."

"मला कोळ्यांची शिसारी येते गं. ह्यांना कधी बोलले नाही." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "फार खचलेत का?"

तिने होकारार्थी मान हलवली. काकू हात पुसून बाहेर आल्या आणि तीस वर्षांत पहिल्यांदा भिंगाला डोळा लावला.

"हा नवरा? एवढासा?"

"एवढासाच," सर म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "चूक माझी आहे. दुरुस्तीवरही माझं नाव घाल."

लेख दोघांच्या नावाने गेला. तरी तिला स्वस्थता नव्हती. त्या जंगलाची यादी तिने पुन्हा उघडली. सतरा जाती एकेकट्या मादीवरून नोंदलेल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन तिने स्वतः नोंदवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तिने जंगलात जायच्या परवान्यासाठी अर्ज टाकला.