फेटलच्या चार ओळी

मुख्य संपादकांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पेन नोंदी लिहिणाऱ्या बाईंपुढे ठेवलं.

"फेटल. काट मारा आणि सही करा. पान पाच वाजता छपाईला जायचंय."

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत शिरस्ता होता: ज्याने नोंद लिहिली, त्यानेच ती काढायची. एरवी संपादक, म्हणजे पाठीमागे सगळे ज्यांना 'कात्री' म्हणत ते, कुणाची मनधरणी करणाऱ्यातले नव्हते. पण 'फेटल' या इंग्रजी क्रियापदाची नोंद तिने लिहिली होती आणि ती पेनाकडे बघतसुद्धा नव्हती.

"कंप्युटरनं मोजलंय. दहा वर्षांच्या छापील मजकुरात नऊ वेळा सापडलं. नऊ! आणि तुम्ही त्याला चार अर्थ दिलेत."

"आहेतच चार. मोडकं नीट करणं. घोड्याला खरारा करणं. जुन्या इंग्रजीत कंबर कसणं. आणि साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या खरबरीत कडा छिलून साफ करणं."

"कोण वापरतं हो?"

"माझे वडील. चाळीस वर्षं, रोज."

संपादक हसले. "वडील इंग्रजी बोलायचे?"

"शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांनी. पण कामाला फेटलिंगच म्हणायचे. लोखंड ओतायच्या कारखान्यात मान भट्टीवाल्यांना. छिन्नी घेऊन बसणाऱ्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. निदान इथे तरी राहू दे."

टेबलावर तिच्या नोकरीचं पुढच्या वर्षाचं करारपत्र होतं. संपादकांची सही व्हायची होती. त्यांनी ते बोटाने आपल्याकडे ओढलं. तिला भीती वाटली आणि भयंकर रागही आला.

"पानावर चार ओळी जास्त होतायत, बाई. हट्ट करू नका."

"चारच ना?" तिने छापील पान त्यांच्याकडे फिरवलं. "जरा वर बघा. फेट. म्हणजे सत्कार करणे. दोन-दोन ओळींची तीन उदाहरणं, आणि तिन्हींत कुणाला तरी हारच घातलाय. एक पुरे." तिने पेन उचलून त्यांच्यापुढे धरलं. "नोंद तुमची आहे. मी हात लावणार नाही."

शेजारचं टायपिंग थांबलं. संपादकांचे कान लाल झाले. त्यांनी ओळी दोनदा मोजल्या, दोन उदाहरणांवर काट मारली, काटेशेजारी सही केली. मग करारपत्र सही न करताच खणात सारून खण बंद केला.

"तुमच्या चौथ्या अर्थाला पुरावा नाही. प्रत्यक्ष बोललेलं वाक्य आणि बोलणाऱ्याचं नाव आणा. पाचच्या आत."

तिने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. छिन्नीच्या आवाजाने वडिलांचे कान कधीच गेले होते, त्यामुळे ओरडावं लागलं.

"बाबा, फेटलिंगचं एक वाक्य सांगा! तुम्ही बोलायचात तसं!"

"कशाला?"

"शब्दकोशात छापायचंय! तुमच्या नावानं!"



"साहेब एकदा म्हणाला होता, ही घासणारी माणसं गेली तर गेली," वडील म्हणाले. "नऊ दिवस छिन्नी उचलली नाही आम्ही. गेटवर उभे राहून सांगितलं, फेटल केल्याशिवाय तुझा एक नग विकून दाखव. हे लिही."

"लिहिते. तुमचं पूर्ण नाव घालू ना?"

"माझं एकट्याचं? खबरदार."

तिने पायरीवर बसून वाक्य जसंच्या तसं उतरवलं. नावाचा रकाना बोटभर होता. त्यात तिने लिहिलं: फेटलिंगचे सगळे.