गाठ न सोडलेली वही

माझ्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे. आधी तो नीट बघा, मग माझं ऐका. मी उत्कर्षाची वही बोलतेय. गोड बोलणं मला जमणार नाही, कारण तो डाग गेलेला नाही आणि मीही काही विसरलेले नाही.

माझा जन्म मदुराईचा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अजून तमिळ अक्षरं आहेत. उत्कर्षाचा नवरा जयराज विट्याच्या एका गलाईवाल्याच्या हाताखाली सोनं गाळायला शिकला आणि मदुराईत त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. दुकानासाठी त्यानं सहा वह्या आणल्या. पाच दुकानात गेल्या. सहावी उत्कर्षानं हळूच उचलली, ती मी.

अकरा वर्षं ती तिथं राहिली. दुकानामागची एक खोली, तेजाबाचा वास, भाषा न कळणारे शेजारी, आणि गावाकडून फोन आला की ‘मजेत हाय’ म्हणून सांगायचं. हे सगळं तिनं माझ्यात लिहिलं. आपल्यासारख्याच बायका गुवाहाटीत आहेत, अमृतसरला आहेत, त्यांच्यावर कुणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून लिहिलं. फोडणी देता देता लिहिलं, त्यामुळं माझ्या कितीतरी पानांवर हळदीची बोटं आहेत. ते माझे दागिने.

पुढं मुलीच्या शाळेसाठी ती कवठे महांकाळला सासूजवळ परत आली. सासू सुलाबाई. लिहिता-वाचता न येणारी, पण कान तिखट. मी पुरी झाले तेव्हा उत्कर्षानं तिला रोज चार पानं वाचून दाखवली. ऐकून म्हातारी म्हणाली, “लय खरं लिवलंयस. आता हे चार मानसांत जाऊ दे.”

सांगलीला भाऊसो सर म्हणून मोठं प्रस्थ होतं. कॉलेजातून निवृत्त, स्वतःचं प्रकाशन, कुठल्याही संमेलनात पहिल्या रांगेत. त्यांना दाखवायचं ठरलं, आणि इथंच उत्कर्षाचं चुकलं. झेरॉक्स द्यायची सोडून ती मलाच घेऊन निघाली. मोठ्या माणसाला झेरॉक्स काय द्यायची, म्हणाली. सुलाबाईंनी मला लाल दोऱ्यानं बांधलं. त्यांच्या घरात सासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं होती. कोकराच्या गळ्याला घालायची गाठ त्यांनी मला घातली.

“ही गाठ कुनालाबी सुटती,” त्या म्हणाल्या, “पर एकदा सुटली की आमच्याबिगर कुनाला परत बांदता येत न्हाई.”

सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “ठेवा तिथं. सवडीनं बघतो.”

चहा आला. बशी नव्हती, कपाच्या कडेनं चहा ओघळलेला. सरांनी तो कप माझ्यावर ठेवला. बरोबर त्या चिठ्ठीवर, जिच्यावर उत्कर्षानं जपून आपलं नाव लिहिलं होतं. शाई फुटली. तिनं ते पाहिलं आणि पदर मुठीत धरला. एवढ्या मोठ्या माणसाला कप उचला म्हणून कसं सांगायचं?

आठ महिने मी सरांच्या टीपॉयवर पडून होते. आठ महिने माझ्यावर कप येत होते. उत्कर्षाचा फोन आला की सर म्हणायचे, “वाचतोय, वाचतोय.” मला वाचा असती तर तिथल्या तिथं ओरडले असते, की हा माणूस खोटं बोलतोय.

शेवटी त्यांनी तिला बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. “वाचलं मी सगळं. दम नाही हो त्यात. गलाईवाल्यांच्या बायकांचं कोण वाचणार? शिवाय ही असली भाषा पुस्तकात चालत नाही. तुम्ही आपलं घर सांभाळा.”

एस.टी.त ती रडली नाही. घरी आल्यावर मात्र मला सुलाबाईंच्या पुढ्यात टाकून म्हणाली, “आत्ती, हिला बंबात घाला.”

बंब पेटलेला होता. मला धग लागत होती. सुलाबाईंनी मला उचललं. चांगला दोरा कशाला जाळायचा म्हणून त्या सोडायला गेल्या आणि त्यांचा हात थांबला.

“आगं उत्कर्षा, ही तर माजीच गाठ हाय!”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? सोडलीच न्हाई मुडद्यानं! न सोडताच दम न्हाई म्हनून सांगतोय व्हय?”

उत्कर्षानं गाठ बघितली, डाग बघितला. तिचे डोळे पुसायच्या आधीच कोरडे झाले. त्या दिवसापासून आम्ही दोघी सुडाला पेटलो. फरक एवढाच, की तिला काम येत होतं आणि मला नुसतं जळणं.

मोबाइलवर तिचा लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप होता, ‘इर्जिक’ नावाचा. साताऱ्याच्या जोतीराम सुभेदारांनी काढलेला. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणी स्वतःच छापल्या होत्या. पेरणीच्या तोंडावर एकाचं रान नांगरायला सगळा गाव आपापले बैल घेऊन येतो, मोबदला म्हणजे फक्त जेवण, आणि उद्या त्यानं तुमच्या रानात यायचं; तीच ही इर्जिक. ग्रुपवर दर रविवारी एकाचं पुस्तक नांगरायला घ्यायचे. कुणी टाइप करायचं, कुणी मुद्रितं तपासायचं, कुणी छापखाना गाठून द्यायचं. नियम एकच. बोलावलं की जायचं, रान कुणाचं ते विचारायचं नाही.

वर्षभर नुसतं वाचणाऱ्या उत्कर्षानं त्या दिवशी माझ्या डागाचा फोटो टाकला आणि खाली सगळी हकीकत लिहिली. सुभेदारांचा लगेच फोन आला.

“पोरी, रडू नगंस. येत्या ऐतवारी तुजं रान.”

तेवीस जणांनी माझी पानं वाटून घेतली. हळदीच्या बोटांखालचं अक्षर लागेना तेव्हा मिरजेची एक बाई फोनवर अर्धा तास विचारत बसली. आणि मुखपृष्ठावर काय? उत्कर्षा म्हणाली, “हा डाग. दुसरं काय बी नको.”

‘तेजाबाचा वास’ अशा नावानं मी पुस्तक झाले. दुकानांत कुणी ठेवून घेईना. मग जयराजनं डोकं चालवलं. गलाईवाले देशभर पसरलेले, एकमेकांकडं सतत येणंजाणं. पुस्तकं त्यांच्या हातानं निघाली आणि मदुराई, गुवाहाटी, अमृतसर, सगळीकडच्या मागच्या खोल्यांत पोचली. बायका फोन करून रडायच्या. वर्षात तीनदा छापावं लागलं. मग ग्रुपमधल्या बाकीच्यांनी आपली पुस्तकं उत्कर्षाकडंच दिली. माडीवरच्या खोलीत तिचं प्रकाशन उभं राहिलं. चार वर्षांत एकोणीस पुस्तकं! पार्सलं शिवायला आता सुलाबाईसुद्धा बसतात.

मी टेबलावर असायचे आणि एकाच दिवसाची वाट बघायचे. तो दिवस आला.

भाऊसो सरांचं प्रकाशन बंद पडलं होतं. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ते कुणी छापेना. कुणाकडून तरी कळून ते ग्रुपवर आले आणि त्यांनी इर्जिक मागितली. पुस्तक छापून काढायची पाळी नेमकी उत्कर्षाची. मी म्हटलं, आता नाही म्हण! चांगलं चारचौघांत नाही म्हण! तिनं सुभेदारांना तसं बोलूनही दाखवलं.

“तुजा राग खरा हाय,” ते म्हणाले. “पर तुज्या रानात लोक आलं, तवा त्यांनी काय इचारलं व्हतं का?”

सर स्वतः आले. स्टँडवरून रिक्षानं, काठी टेकत, पिशवीत चारशे पानं. उत्कर्षाला त्यांनी ओळखलं नाही. खुर्चीत बसता बसता म्हणाले, “तुमचं पुस्तक पाहिलं. मुखपृष्ठावरचं ते वर्तुळ फार सूचक आहे हो! स्त्रीच्या बंदिस्त आयुष्याचं प्रतीक.”

सुलाबाईंनी चहा आणून दिला. सरांनी एक घोट घेतला, बोलता बोलता हात पुढं केला आणि कप ठेवला. कुठं? माझ्यावर. जुन्या डागावर तो जिथल्या तिथं बसला.

उत्कर्षा शांतपणे म्हणाली, “सर, कप जरा उचला की. खालचं नाव वाचा.”

सरांनी कप उचलला. वाचलं. मग भिंतीवर टांगलेलं मुखपृष्ठ बघितलं, परत मला बघितलं. कप त्यांनी हातातच धरून ठेवला.

“ही वही... वाचली होती मी...”

“गाठ सुटली नव्हती, सर.”

एवढंच बोलली. चारशेच्या चारशे पानं तिनं वाचली, तेवीस जणांनी वाचली, एक काना सोडला नाही. फक्त एका वाक्याखाली तिनं तांबडी रेघ मारली: ‘माझ्याकडे आलेलं एकही हस्तलिखित मी न वाचता परत केलं नाही.’ शेजारी लिहिलं, ‘हे खोटं आहे. हे राहिलं तर पुस्तक निघणार नाही.’ सरांनी मुकाट्यानं वाक्य काढलं. पुस्तक निघालं. इर्जिक फिटली.

तुम्हाला वाटेल, झालं समाधान. छे! वाक्य काढलं म्हणजे आठ महिने भरून येतात का?

आता मी म्हातारी झालेय. शिवण उसवलीय, पानं गळायला लागलीत. जाण्याआधी एवढंच मागते: कुणी तुमच्या हातात वही दिली, तर आधी तिची गाठ सोडा, आणि वाचायची नसेल तर तसं तोंडावर सांगा. नाही तर काय होतं तेही ऐका.

सरांनी आपल्या पुस्तकाची पहिली प्रत उत्कर्षाला पाठवली. चांगली दोऱ्यानं बांधून, वर ‘सप्रेम भेट, अभिप्राय कळवावा’ अशी चिठ्ठी लावून. तिनं ती प्रत माझ्या शेजारी ठेवली. गाठ सोडली नाही. सुलाबाई रोज सकाळी पार्सलं शिवायला बसतात आणि आपला चहाचा कप त्या प्रतीवर ठेवतात. उत्कर्षा बघते आणि आपल्या कामाला लागते.

सरांचा फोन येतो. “पाहिलंत का पुस्तक?”

“वाचतेय सर, वाचतेय,” ती म्हणते.

पाच महिने झाले. अजून तीन आहेत.