आपापली बायको उचला

"उठा म्हटलं ना," साहेब पुन्हा ओरडले, आणि आम्ही बायका आणखी घट्ट सरकून बसलो. पोलीस मुख्यालयाच्या फाटकासमोर, भर रस्त्यात. समोर काठ्या घेऊन आमचेच नवरे उभे होते.

पोलिसांना संप करता येत नाही. केला तर नोकरी जाते, वर तुरुंग. म्हणून त्यांच्या जागी आम्ही बसलो. मागणं काय, तर आठवड्याची सुट्टी आणि ड्युटी संपल्यावर माणसाला घरी सोडणं. शेजारचे हवालदार बंदोबस्तावर उभ्या उभ्या कोसळले, ते उठलेच नाहीत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, सगळ्यांत पुढे बसल्या होत्या.

पोलीस घरी बसले तर चोरांचं फावेल, हे काय आम्हाला कळत नाही? आमच्याही घरात चार भांडी आहेत. पण ज्याच्या तोंडाला कायद्यानेच कुलूप लावलंय, त्याचं ऐकायला कुणी कान तरी उघडे ठेवायचे की नाही? अर्ज केले, गाऱ्हाणी घातली. वरून उत्तर एकच, बघू. त्यांचं बघून होईपर्यंत माणूस गेला. माझं तर डोकंच सणकलं होतं.

महिला पोलीस साऱ्याजणी मंत्र्यांच्या सभेच्या बंदोबस्ताला गेलेल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "ज्याने त्याने आपापली बायको उचला. नाहीतर उद्यापासून घरी बसा."

काही लाज? पोर तापाने फणफणली होती, तेव्हा यांना अर्धा दिवस मोकळं केलं नव्हतं. आज बरं आठवलं, शिपाई कुणाचा तरी नवराही असतो ते!

रांगेतून आमचे हे पुढे आले. दुसऱ्या बंदोबस्तावरून थेट इथे आणलेले, परवापासून घर पाहिलं नव्हतं. डोळे लाल, दाढी वाढलेली. वाकून पुटपुटले, "ऊठ गं. नोकरी जाईल."

नोकरी गेली की क्वार्टर जाणार, पोरीची शाळा जाणार. मला सगळं ठाऊक होतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"उचला," मी म्हटलं. "आपण होऊन मी उठायची नाही."

त्यांनी माझ्या दंडाला धरलं. पण जोर आणणार कुठून? ते माझ्याशेजारी मटकन बसले. "जरा थांब," एवढंच म्हणाले. डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत त्यांचा डोळा लागला. घोरायलाही लागले.

"हा संपात सामील झालाय. नाव लिहून घ्या याचं," साहेब गरजले. रांगेतलं कुणी हललं नाही. तेव्हा ते स्वतःच यांना गदागदा हलवायला आले.

मी हात आडवा धरला.

"हळू बोला, साहेब," मी म्हटलं. "हे झोपलेत."